सर्व्हर म्हणतो डिस्क भरली, आपल्याला तर जागा दिसते. मग खरं कोणाचं?

जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी आमच्या छोट्याशा बातम्यांच्या साइटवर एकही नवा फोटो चढेना. संमती कट्ट्याजवळ सातही नंदीध्वज आले होते, पांढऱ्या बाराबंदीतल्या भाविकांची गर्दी उसळली होती आणि आमचा फोटोग्राफर त्या गर्दीतून ओरडून विचारत होता, "ताई, फोटो गेले का?" स्क्रीनवर एकच ओळ दिसत होती: डिव्हाइसवर जागा शिल्लक नाही.

सर्व्हर सांभाळणाऱ्या मित्राला आम्ही सगळे दादा म्हणतो. त्याला फोन लावला. दोन मिनिटांनी तो म्हणाला, "अगं, ८० जीबीची डिस्क आहे. सगळ्या फाइली मोजल्या तर ५६ जीबीच होतायत. भरेल कशी?"

मग लक्षात आलं की सकाळी साडेसहालाच सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरने मेल पाठवला होता: डिस्क ९४ टक्के भरली आहे. तो कोणी पाहिला नाही. कारण साधं होतं. दोन महिने रोज रात्री २ वाजून ४० मिनिटांनी तसाच मेल येत होता, 'डिस्क ९२ टक्के', आणि सकाळी उठून पाहिलं की आकडा ७२ टक्के. हे सॉफ्टवेअर उगाच ओरडतं असं ठरवून आम्ही ते सगळे मेल एका वेगळ्या फोल्डरमध्ये टाकायची सोय करून ठेवली होती. खरा इशारा आला, तोही त्याच फोल्डरमध्ये जाऊन पडला.

तासाभरात साइट सुरू झाली, पण तोवर अक्षता पडून गेल्या होत्या.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात होता. डिस्कच्या जागेचा अलर्ट चुकतो म्हणजे नेमकं काय होतं? दादाकडून समजून घेताना आणि नंतर स्वतः वाचताना एक गोष्ट कळली. बहुतेक वेळा सॉफ्टवेअर खोटं बोलत नसतं. आपण विचारतो एक आणि ते उत्तर देतं दुसऱ्याच प्रश्नाचं.

अलर्ट येतो कसा?

नॅगिऑस, झॅबिक्स, प्रोमिथियस ही सर्व्हरवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधली गाजलेली नावं. यांचं काम ऐकायला सोपं आहे. दर मिनिटाला किंवा दर पाच मिनिटांनी सर्व्हरला विचारायचं, डिस्क किती मोठी, किती भरली, किती उरली. आलेला आकडा आपण ठरवून दिलेल्या मर्यादेशी ताडून बघायचा. मर्यादा ओलांडली की मेल, एसएमएस किंवा टेलिग्रामवर मेसेज.

म्हणजे हे सॉफ्टवेअर स्वतः डिस्क उघडून काही मोजत नाही. ते ऑपरेटिंग सिस्टीमला विचारतं आणि भागाकार करतं. घोळ होतो तो तीनच ठिकाणी: काय विचारलं, कधी विचारलं आणि कशाने भागलं. यातलं तिसरं सोलापूरकरांना समजावून सांगायची फारशी गरज पडू नये, कारण आपण दर उन्हाळ्यात तेच बघत असतो.

उजनी उणे ६०, तरी धरणात पाणी

२०२४ च्या उन्हाळ्यात उजनी धरण उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. बाहेरगावच्या माणसाला हा आकडा सांगितला की तो हसतो. धरण शून्याच्या खाली कसं जाईल? पाणी एक तर असेल, नाही तर नसेल.

हिशोब असा आहे. उजनीची एकूण क्षमता साधारण ११७ टीएमसी. त्यातलं ६३.६६ टीएमसी पाणी मृतसाठा, म्हणजे कालव्यांच्या पातळीखालचं. वरचं ५३.५७ टीएमसी उपयुक्त. रोज बातमीत येणारी टक्केवारी या वरच्या ५३.५७ ची असते. धरणात ६३.६६ टीएमसी पाणी असतं तेव्हा आपण लिहितो 'शून्य टक्के'. उणे ६० म्हणजे धरणात अजून सुमारे साडेएकतीस टीएमसी पाणी होतं. तेच पाणी एकूण क्षमतेने भागलं असतं तर बातमी झाली असती 'उजनी २७ टक्के'. पाणी तेवढंच, फक्त भागाकार वेगळा.

डिस्कचंही तसंच, फक्त काळजी उलटी. धरण रिकामं होण्याची भीती, डिस्क भरण्याची.

लिनक्स सर्व्हरवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्स्ट-फोर या फाइल सिस्टीममध्ये डिस्क तयार करताना मुळातच ५ टक्के जागा राखून ठेवली जाते. ती फक्त रूट, म्हणजे सर्व्हरचा मुख्य मालक वापरू शकतो. डिस्क काठोकाठ भरली तरी त्याला आत शिरून साफसफाई करता यावी आणि सिस्टीमचे आवश्यक प्रोग्राम चालू राहावेत, म्हणून ही सोय. वेबसाइट, डेटाबेस, फोटो यांना त्या ५ टक्क्यांना हात लावता येत नाही. मृतसाठाच म्हणा.

आमच्या ८० जीबीच्या डिस्कमध्ये ही राखीव जागा ४ जीबी. म्हणजे आमच्या कामाची डिस्क ७६ जीबीचीच. रोजच्या दिवसात ५४ जीबी भरलेली असायची. होस्टिंगच्या पॅनलवर आकडा दिसायचा ६८ टक्के, कारण ते ५४ ला ८० ने भागतं. लिनक्समधली डीएफ ही कमांड दाखवायची ७२ टक्के, कारण ती वापरलेली जागा आणि वापरता येण्याजोगी जागा यांच्या बेरजेने, म्हणजे ७६ ने भागते आणि अपूर्णांक वरच्या आकड्यात धरते. दोन्ही बरोबर. पण मर्यादा ७० वर ठेवली असेल तर एकाच्या हिशोबाने अलर्ट जाणार आणि दुसऱ्याच्या हिशोबाने सगळं आलबेल.

प्रोमिथियस वापरणाऱ्यांची इथे नेहमी गल्लत होते. त्यात डिस्कबद्दल दोन वेगवेगळे आकडे मिळतात, एक 'फ्री' आणि एक 'अव्हेलेबल'. फ्रीमध्ये राखीव जागा धरलेली असते, अव्हेलेबलमध्ये नसते. अलर्टचा नियम फ्रीवर लिहिला तर साइट बंद पडल्यावरही सॉफ्टवेअर सांगत राहील की ५ टक्के जागा आहे. नियम नेहमी अव्हेलेबलवर लिहावा. एवढ्या एका शब्दाने अलर्ट वेळेवर येतो किंवा कधीच येत नाही.

एककांचा घोळही इथलाच, पण तो छोटा. डिस्क बनवणारी कंपनी एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी त्याला जीबीच म्हणतं. म्हणून ५०० जीबीची नवी डिस्क लावली की ४६५ जीबी दिसते आणि दुकानदाराने फसवलं असं वाटतं. अमेरिकेत या फरकावरून सीगेट कंपनीवर खटला झाला होता आणि २००७ मध्ये कंपनीने तडजोड केली. अलर्टची मर्यादा जीबीत लिहिली असेल तर हा सात टक्क्यांचा फरक ध्यानात ठेवायचा, इतकंच.

डिलीट केलेली फाइल जाते कुठे?

आता यात्रेच्या दिवसाकडे येऊ. फाइली ५६ जीबीच्या, कामाची डिस्क ७६ जीबीची. मधले २० जीबी कोणी खाल्ले?

चार दिवस आधी जागा कमी पडतेय म्हणून आमच्यापैकीच एकाने १२ जीबीची एक लॉग फाइल डिलीट केली होती. लॉग म्हणजे सर्व्हरची रोजनिशी. कोण आलं, काय मागितलं, कुठे चुकलं, सगळं त्यात लिहिलं जातं. फाइल यादीतून गेली, त्याला वाटलं १२ जीबी मोकळे झाले. झाले नव्हते.

लिनक्समध्ये फाइलचं नाव आणि फाइलमधला मजकूर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोसायटीच्या खालच्या बोर्डावरून भाडेकरूचं नाव खोडलं म्हणून खोली रिकामी होत नाही. भाडेकरू सामान घेऊन बाहेर पडेल तेव्हाच होते. फाइल डिलीट करणं म्हणजे बोर्डावरचं नाव खोडणं. एखाद्या प्रोग्रामने ती फाइल उघडून ठेवलेली असेल तर तो ती बंद करेपर्यंत जागा सुटत नाही. इतकंच नाही, तो प्रोग्राम त्या बिननावाच्या फाइलमध्ये लिहीतही राहू शकतो. आमच्याकडे तेच झालं. डिलीट केलेली १२ जीबीची फाइल चार दिवसांत, कोणाला दिसत नसताना, २० जीबीची झाली.

जागा मोजायच्या दोन कमांड इथे दोन वेगळी उत्तरं देतात. डीयू ही कमांड बोर्ड वाचून एकेका खोलीत जाते आणि बेरीज करते. तिला ५६ जीबी दिसले. डीएफ थेट सोसायटीच्या सेक्रेटरीला विचारते की किती खोल्या रिकाम्या. तिला एकही रिकामी दिसली नाही. दादाने आधी डीयू चालवली म्हणून तो गोंधळला. मग एलएसओएफ नावाच्या साधनाने, उघड्या पण नाव नसलेल्या फाइलींची यादी काढली आणि पहिल्याच ओळीत ती फाइल सापडली. वेब सर्व्हर रीस्टार्ट केला, आकडा १०० वरून ७४ टक्क्यांवर आला.

ज्यांच्याकडे असे सर्व्हर आहेत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं: चालू लॉग फाइल डिलीट करायची नाही, आतून रिकामी करायची. त्याहून बरं म्हणजे लॉगरोटेट हे साधन नीट बसवून घ्यायचं. ते जुनी रोजनिशी बाजूला ठेवतं आणि प्रोग्रामला सांगतं की आता नव्या वहीत लिही. आमच्याकडे ते बसवलेलं होतं, पण या एका फाइलचं नाव त्यात घालायचं राहून गेलं होतं.

मोबाइलवरही याचा एक चुलतभाऊ भेटतो. गॅलरीतून व्हिडिओ डिलीट केले तरी फोन 'स्टोरेज फुल' म्हणतो, कारण ते बहुतेक फोनमध्ये तीस दिवस ट्रॅशमध्ये पडून असतात. कारण वेगळं, पण चिडचिड तीच.

जागा आहे, तरी 'जागा नाही'

याच्या उलट प्रकारही होतो. अलर्ट सांगतो ६० टक्के भरली, डीएफही तेच सांगते, तरी सर्व्हर एक ओळीची फाइलसुद्धा घेत नाही.

प्रत्येक फाइलची एक नोंद असते, तिला आयनोड म्हणतात. एक्स्ट-फोरमध्ये अशा किती नोंदी करता येतील हे डिस्क तयार करतानाच ठरतं. नेहमीच्या सेटिंगमध्ये दर १६ केबीमागे एक. आमच्या ८० जीबीच्या डिस्कवर त्या सुमारे ५२ लाख होतात. ऐकायला भरपूर. पण एखादी साइट प्रत्येक फोटोच्या सहा-सात छोट्या आवृत्त्या बनवते, प्रत्येक वाचकाच्या भेटीची एक छोटी फाइल ठेवते, आणि त्या साफ करणारं कोणी नसेल तर दोन-तीन वर्षांत नोंदवही संपते. गोदामात जागा आहे, पण पावतीपुस्तकातली पानं संपली, तसं. हे डीएफला हायफन आय हा पर्याय देऊन बघता येतं. अलर्टचं सॉफ्टवेअर मात्र बऱ्याचदा फक्त जागाच बघायला शिकवलेलं असतं, नोंदी नाही.

याला जवळचं उदाहरण मंगळावरचं आहे. नासाचं स्पिरिट हे रोव्हर ४ जानेवारी २००४ ला मंगळावर उतरलं आणि अडीच आठवड्यांनी, २१ जानेवारीला, अचानक गप्प झालं. मग कळलं की ते पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत होतं. त्याच्या फ्लॅश मेमरीत फाइलींची संख्या इतकी वाढली होती की त्यांची यादी चालू होताना मुख्य मेमरीत मावेना. पृथ्वीवरून आज्ञा पाठवून त्याला फ्लॅश मेमरी न वाचता सुरू व्हायला सांगितलं, मग हजारो फाइली काढून टाकल्या, तेव्हा ते रुळावर आलं. पुढे ते २०१० पर्यंत काम करत राहिलं. तिथेही अडचण फाइलींच्या आकाराची नव्हती, संख्येची होती.

अजून एक लपंडाव आहे आणि तो बॅकअप ठेवणाऱ्यांच्या वाट्याला येतो. बॅकअपसाठी वेगळी डिस्क एका फोल्डरवर जोडलेली असते. एखाद्या दिवशी सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि ती डिस्क जोडलीच गेली नाही. फोल्डर तर तिथे असतोच. बॅकअपचा प्रोग्राम बिचारा त्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मुख्य डिस्कवरच, पाच-पन्नास जीबी लिहून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी कोणीतरी डिस्क पुन्हा जोडतं आणि ती त्या फाइलींच्या अंगावर सतरंजीसारखी पसरते. खालचा पसारा दिसत नाही, जागा मात्र खातच राहतो. मुख्य डिस्क भरल्याचा अलर्ट येतो आणि शोधून काही सापडत नाही. बॅकअपची डिस्क तात्पुरती काढून खाली पाहिलं की उलगडा होतो.

खरोखरच निरर्थक अलर्ट

सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही असं वर म्हटलं, त्याला अपवाद आहेत.

उबंटूवर सॉफ्टवेअर बसवायची स्नॅप ही पद्धत आली तेव्हापासून सर्व्हरवर लूप नावाच्या बऱ्याच छोट्या 'डिस्क' दिसतात. त्या प्रत्यक्षात एकेका ॲपची दाबून बंद केलेली पाकिटं आहेत. त्यात लिहिता येत नाही, त्यामुळे त्या कायम १०० टक्के भरलेल्या. लोणच्याची सीलबंद बरणी भरलेलीच असणार! पण अलर्टच्या सॉफ्टवेअरला हे कोणी सांगितलेलं नसतं. ते पहिल्याच दिवशी दहा-बारा 'अतिगंभीर' मेल पाठवतं. नवखा माणूस घाबरतो आणि सरावलेला सगळेच डिस्कचे अलर्ट बंद करून टाकतो. दोन्ही चूक. फक्त त्या प्रकारच्या फाइल सिस्टीम वगळायच्या असतात. डॉकर वापरत असाल तर एकच डिस्क पाच-सहा नावांनी पुन्हा पुन्हा मोजली जाते आणि एका भरलेल्या डिस्कचे सहा मेल येतात. तिथेही वगळण्याचाच उपाय.

आणि हो, डिस्कही 'उणे' जाते. एसएनएमपी या जुन्या पद्धतीने माहिती गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये डिस्कचा आकार ज्या चौकटीत लिहितात तिच्यात २१४ कोटींच्या पुढचा आकडा मावत नाही. ४ केबीच्या तुकड्यांत मोजलं तर ही मर्यादा ८ टीबीला लागते. त्याहून मोठी डिस्क जोडली की काही ठिकाणी तिचा आकार ऋण आकड्यात दिसायला लागतो आणि टक्केवारी भलतीच येते. हा पद्धत ठरवणाऱ्यांचा दोष म्हणण्यापेक्षा काळाचा आहे. ती ठरली तेव्हा ८ टीबीची डिस्क कोणाच्या स्वप्नातही नव्हती.

विंडोज सर्व्हरवर, म्हणजे टॅली आणि बिलिंगवाल्या बऱ्याच ऑफिसांत जो असतो त्यावर, हा फरक सहसा शॅडो कॉपीमुळे पडतो. फाइलींच्या जुन्या प्रती एका लपलेल्या फोल्डरमध्ये साठतात आणि साध्या लॉगिनने फोल्डरांची बेरीज केली तर त्या मोजल्याच जात नाहीत.

रात्री २:४० ला काय होत होतं?

आमच्या दोन महिन्यांच्या मेलचं रहस्य शेवटी फार साधं निघालं. रात्री अडीचला बॅकअप सुरू व्हायचा. सगळ्या साइटची १६ जीबीची दाबलेली फाइल आधी त्याच डिस्कवर बनायची, मग दुसरीकडे पाठवली जायची, मग पुसली जायची. ५४ अधिक १६ म्हणजे ७०, भागिले ७६, म्हणजे ९२ टक्के. मेल शब्दशः खरा होता. सकाळी आम्ही पाहायचो तोवर फाइल पुसलेली असायची.

म्हणून अलर्टची वेळ हाच पहिला पुरावा मानायला हवा. रोज त्याच वेळी येतो, तर त्या वेळी काय चालू होतं ते बघा. आमच्या डोळ्यासमोर ती वेळ साठ वेळा आली होती आणि साडेसहाचा मेल त्यात वेगळा आहे हे कोणाला दिसलं नाही, कारण आम्ही ते फोल्डर उघडतच नव्हतो. (त्या रात्रीचा बॅकअप जागेअभावी अर्धवटच राहिला होता, हे तर आम्हाला दोन दिवसांनी कळलं.)

अशा तात्पुरत्या उसळीसाठी अलर्टला थोडं थांबायला शिकवता येतं: सलग ३० मिनिटं मर्यादेच्या वर राहिला तरच मेल पाठव. मर्यादेच्या सीमेवर आकडा वरखाली होत असेल तर 'भरली', 'सुटली', 'भरली' अशी मेलची रांग लागते; तिथे ९० ला अलर्ट सुरू आणि ८५ च्या खाली गेल्यावरच बंद, असं अंतर ठेवतात.

माझ्या मते मात्र सगळ्यात जुनाट गोष्ट आहे ती एकच टक्केवारी सगळ्या डिस्कांना लावायची सवय. २० जीबीची डिस्क ९० टक्के भरली तर २ जीबी उरले. एका दुपारी संपतील. १० टीबीची ९० टक्के भरली तर एक टीबी शिल्लक आहे, कदाचित वर्षभर पुरेल. किती भरली याहून कोणत्या वेगाने भरतेय हे विचारायला हवं. प्रोमिथियसमध्ये प्रेडिक्ट लिनिअर नावाचं सूत्र त्यासाठीच आहे. ते गेल्या काही तासांचा वेग बघून सांगतं की याच गतीने गेलं तर पुढच्या चोवीस तासांत डिस्क भरेल का. उजनीतला विसर्ग ठरवताना आजचा साठा आणि दौंडहून येणारी आवक दोन्ही बघावी लागतात, तसंच हे.

लांडगा आला रे आला

खोटे वाटणारे अलर्ट नुसते त्रासदायक नसतात. त्यांचं नुकसान सर्वात नीट नोंदवलं गेलंय ते रुग्णालयांत. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशन या रुग्णालयांना मान्यता देणाऱ्या संस्थेने २०१३ मध्ये इशारा दिला होता. रुग्णांना लावलेल्या यंत्रांचे ८५ ते ९९ टक्के अलार्म असे असतात की त्यावर काही करायची गरज नसते. जानेवारी २००९ ते जून २०१२ या काळात त्यांच्याकडे अलार्मशी संबंधित ९८ दुर्घटना नोंदवल्या गेल्या, त्यातल्या ८० मध्ये रुग्ण दगावले. दिवसभर बीपबीप ऐकून माणसाचे कान ते ऐकणंच बंद करतात. यात नर्सचा निष्काळजीपणा शोधणं सोपं असतं, पण अलार्म कोणी कसे लावले हे विचारणं जास्त उपयोगाचं.

आणि डिस्क खरोखर भरली तर काय होतं? २९ ऑगस्ट २०२३ ला टोयोटाचे जपानमधले चौदाही वाहन कारखाने बंद राहिले. सुट्या भागांच्या ऑर्डर हाताळणारी यंत्रणा ठप्प झाली होती. सायबर हल्ल्याची शंका सगळ्यांना आली, पण कारण निघालं डिस्कची जागा. २७ ऑगस्टच्या देखभालीत डेटाबेसमधला साठलेला डेटा काढून टाकण्याचं आणि लावून ठेवण्याचं काम सुरू होतं, त्यात डिस्कची जागा संपली आणि यंत्रणा थांबली. पर्यायी सर्व्हर होते, पण ते त्याच यंत्रणेवर चालत असल्याने तिथेही तेच झालं. जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवल्यावर ३० तारखेला कारखाने सुरू झाले. गंमत अशी की हा प्रकार साफसफाई करतानाच घडला. आमच्या २:४० च्या बॅकअपसारखंच, जागा मोकळी करणाऱ्या किंवा डेटा जपणाऱ्या कामालाही मध्ये काही काळ जास्तीची जागा लागते.

मेल आला तर काय बघाल?

दादाची पद्धत सांगते. तो आधी मेल कोणत्या डिस्कबद्दल आहे ते नीट वाचतो. लूप किंवा तसलं काही असेल तर ते वगळून टाकतो आणि विषय संपवतो. मग वेळ बघतो. मग सर्व्हरवर जाऊन डीएफ चालवतो, एकदा साधी आणि एकदा हायफन आय लावून. अलर्टचा आकडा आणि डीएफचा आकडा चार-पाच टक्क्यांनी वेगळा असेल तर राखीव जागेचा भागाकार तपासतो. दोघांचं जुळतंय पण डीयूची बेरीज कमी येतेय, तर डिलीट केलेली उघडी फाइल शोधतो. ती नसेल तर जोडलेल्या डिस्कच्या सतरंजीखाली बघतो. आणि आकडा दिवसभर जराही हलत नसेल, तर माहिती पाठवणारा प्रोग्रामच बंद पडलाय का ते बघतो. हा शेवटचा प्रकार सगळ्यात घातक, कारण त्यात जुना आकडाच दिसत राहतो आणि मेल येतच नाही. 'माहिती येणं थांबलं' याचा वेगळा अलर्ट ठेवावा लागतो.

आमच्याकडे आता बॅकअपची फाइल वेगळ्या डिस्कवर बनते. ती राहिलेली लॉग फाइल लॉगरोटेटमध्ये घातली आहे. राखीव ५ टक्के तसेच ठेवले आहेत. ते कमी करून ३ जीबी मिळवायचा मोह झाला होता, पण दादाने नको म्हटलं. मेलचं ते फोल्डर बंद केलं असून अलर्ट आता थेट फोनवर येतो. गेल्या दोन महिन्यांत तीन आले. त्यातले दोन खरे होते, आणि तिसऱ्याचं कारण अजून शोधतोय: दर रविवारी पहाटे चारला काहीतरी २ जीबी घेतं आणि परत देतं.